‘अनवाणी उन्हात चाला, पाय वाचवा’ : शुगरच्या पेशंटनी हे करू नये

खान्देशातल्या गावागावांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा आशय असा : शुगरच्या माणसाच्या पायाला मुंग्या येणं, पाय बधिर होणं, जखम न भरणं, या सगळ्याचं मूळ फक्त व्हिटॅमिनची कमतरता. म्हणून रोज अर्धा तास अनवाणी उन्हात चाला, डी ३ ची पावडर रोज दुधातून घ्या, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बी १२ खाते तर ती बंद करा, मोड आलेले मूग खा. पाय कापायची वेळच येणार नाही.

मी तालुक्याच्या गावात अशा पायांचं ड्रेसिंग करते. या मेसेजमध्ये थोडं खरं आहे, म्हणूनच लोक बाकीच्यावरही विश्वास ठेवतात.

सगळ्यात धोक्याची गोष्ट आधी घेते, अनवाणी चालण्याची. व्हिटॅमिन डी कातडीत तयार होतं, पण तळपायातून नाही. हात, दंड, पाठ, चेहरा यांवर ऊन पडलं की झालं. त्यासाठी चप्पल काढायची काहीच गरज नाही. आणि आपल्याकडचं ऊन कसलं? भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. डांबरी रस्ता, देवळाची फरशी, शेततळ्याचं प्लास्टिक हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. तुम्हाआम्हाला चटका बसला की पाय आपोआप उचलला जातो. बधिर पाय उचललाच जात नाही. घरी येऊन पाय धुताना पाण्याने भरलेला फोड दिसतो, तेव्हा कळतं. चैत्रात खान्देशातून सप्तशृंगी गडाला पायी जाणारे कितीतरी भाविक अनवाणी असतात. त्यांच्यातल्या शुगरवाल्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, पायात मोजे आणि चप्पल असू द्या. तसंच घरातल्या उपायांचं. भेगेवर बिब्बा लावणं, कुरूप ब्लेडने कापणं, मुंग्या आल्या म्हणून गरम पाण्यात पाय बुडवणं. बधिर पायाला यातलं काहीही करू नका.

पाय बधिर झालाय हे आमच्याकडची माणसं फार नेमकं सांगतात : ‘चप्पल कव्हय निंघी गई, समजनंच नही’ (चप्पल कधी निघून गेली, कळलंच नाही). हे वाक्य घरात ऐकू आलं तर व्हिटॅमिनचा रिपोर्ट नंतर, आधी पायाची तपासणी. डॉक्टर मोनोफिलामेंट नावाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून, तो वाकेपर्यंत दाबून विचारतात, कळतंय का? ट्यूनिंग फोर्कने कंपन तपासतात, पायावरची नाडी बघतात. सगळं पाच-दहा मिनिटांत होतं.

आता मेटफॉर्मिन. ती बरीच वर्षं, मोठ्या डोसमध्ये घेतली तर आतड्यात बी १२ कमी शोषलं जातं, हे खरं आहे. बी १२ कमी झालं की पायाला मुंग्या येतात, तोल जातो, जीभ सोलवटते. शुगरनं खराब झालेल्या नसाही अशाच वागतात, नुसतं बघून फरक कळत नाही. म्हणून रक्त तपासायचं. साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली आलं तर कमतरता; २०० ते ३०० मध्ये असेल आणि मुंग्या असतील तर डॉक्टर पुढची तपासणी सांगतात. कमी निघालं तर इंजेक्शन किंवा गोळी घ्यायची, मेटफॉर्मिन मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही. गोळी बंद केली की शुगर चढते, आणि चढलेली शुगर त्याच नसा खराब करते. उलट बी १२ चांगलं भरलेलं असेल तर आणखी इंजेक्शनं घेऊन बधिरपणा जात नाही. ‘नसांच्या गोळ्या’ महिनोन्‌महिने खाणाऱ्यांनी पाकिटावर बी ६ किती आहे तेही बघावं. ते जास्त प्रमाणात, जास्त दिवस गेलं तर त्यानेच पाय बधिर होतात.

मुगाचं एका ओळीत : मोड आणले तरी मुगात बी १२ येत नाही. कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी, केळी, यांतही ते नाही. दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांत आहे. माळकरी आणि शाकाहारी घरांत बी १२ कमी निघतं ते यामुळेच.

डी ३ ची ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच देतात. मेसेज म्हणतो रोज. रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढतं. तहान लागते, लघवी वाढते, उलट्या होतात, किडनीला इजा होते. तहान आणि लघवी ही शुगर वाढल्याचीही लक्षणं. पेशंटला वाटतं शुगरच वाढली, आणि पुडी चालूच राहते.

पायाला जखम असलेल्या शुगरच्या लोकांत व्हिटॅमिन डी कमी सापडतं, हे अभ्यासांत दिसलंय. पण महिनोन्‌महिने घरात पाय वर करून बसलेल्या माणसाला ऊन मिळणार कुठून? कमतरतेमुळे जखम झाली की जखमेमुळे कमतरता, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. काही लहान चाचण्यांत पुडी घेणाऱ्यांची जखम लवकर आटली, तरीही मधुमेही पायासाठीच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२३ च्या मार्गदर्शिकेत जखम भरावी म्हणून व्हिटॅमिन देऊ नका असंच सुचवलं आहे. कमतरता असेल तर ती जरूर भरून काढावी, जखमेचा इलाज म्हणून मात्र नाही.

तळव्याची जखम का भरत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा चालण्यात असतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवर दाखवून दिलं, की जखमेवरचा भार काढला, पाय प्लास्टरमध्ये ठेवला, तर तीच जखम भरते. शुगरच्या पायालाही हेच लागू आहे. मी ड्रेसिंग कितीही स्वच्छ केलं आणि आप्पा त्याच पायावर टेकून कपाशीला पाणी द्यायला गेले, तर ती जखम दर पावलाला पुन्हा उघडते. कडेचा कडक घट्टा काढून घेणं, भार कमी करणारं प्लास्टर किंवा एमसीआरची (मऊ रबराच्या तळाची) चप्पल, रक्तपुरवठा कमी असेल तर त्याचा इलाज, पू असेल तर अँटिबायोटिक, आणि शुगर ताब्यात, एवढं लागतं.

‘पाय कापायची वेळच येणार नाही’ असं वचन कुणीच देऊ शकत नाही. शुगरमुळे पाय कापावे लागलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना आधी एक जखम झालेली असते. म्हणजे मधे वेळ असतो, आणि हा मेसेज तोच वेळ पुड्या नि मुगात घालवतो. बोट काळं पडलं, जखमेला वास येतोय, लाली वर सरकतेय, ताप आलाय किंवा पाय अचानक गरम होऊन सुजलाय, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. केसपेपर काढतानाच सांगा : शुगर आहे, पायाला जखम आहे.