बटाटे मागितले, रताळी मिळाली

"फ्रेंच येतं ना तिला, मग स्पॅनिश काय, दोन महिन्यांत उरकेल!" परवा एक मैत्रीण लेकीबद्दल म्हणाली. लेकीने बारावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलं होतं. फ्रेंच आणि स्पॅनिश नात्यातल्या भाषा, म्हणून हा हिशोब. मी आपलं "हो, हो" म्हटलं आणि घरी येईपर्यंत त्या 'हो'वर चडफडत राहिले. म्हणून ही पोस्ट. लांबली आहे, चहा घेऊन बसा.

स्पेनमध्ये मालागाला स्पॅनिश शिकत होते तेव्हा माझी रूममेट ब्राझीलची होती. पहिल्याच आठवड्यात आम्ही दोघी बाजारात गेलो. आपला 'बटाटा' आला पोर्तुगीजांकडून, आणि तिची तर मायबोलीच पोर्तुगीज. दोघींनी छाती काढून किलोभर 'बातातास' मागितले. भाजीवाल्याने मुकाट रताळी तोलली. स्पॅनिशमध्ये 'बाताता' म्हणजे रताळं, बटाटा म्हणजे 'पाताता'. परत करायची लाज वाटली, तशीच घरी आणली. एकादशी असती तर निदान उपास तरी घडला असता.

त्या रात्री मी 'पाताता' दहा वेळा वहीत लिहिलं. तिने नाही लिहिलं. तिला गरजच काय? तिसऱ्या आठवड्यात ती घरमालकिणीशी राजकारणावर वाद घालत होती आणि मी अजून 'माझं नाव अमुक, मी भारतातून आले'मध्येच अडकले होते. स्पॅनिश आणि पोर्तुगीजच्या शब्दसाठ्यात सुमारे 89 टक्के साम्य आहे असं जगातल्या भाषांची नोंद ठेवणारं एथ्नोलॉग सांगतं. वर्तमानपत्र तिला पहिल्या दिवसापासून वाचता येत होतं. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

पण गंमत पुढे आहे. 'मला कॉफी आवडते' म्हणायला सहा महिन्यांनीही ती 'यो गुस्तो दे काफे'च म्हणत होती. पोर्तुगीजमध्ये 'एउ गोस्तु', म्हणजे ज्याला आवडतं तो माणूस कर्ता. स्पॅनिशमध्ये उलट, कॉफीच कर्ता: 'मे गुस्ता एल काफे'. शब्द ओळखीचा, म्हणून त्याची आतली वीण बदलली आहे हे तिच्या लक्षातच येईना. वर्गातले इंग्रज तर या क्रियापदापुढे हात टेकायचे. बाईंनी फळ्यावर बाण काढकाढून समजावलं. आणि मी? मला काहीच करावं लागलं नाही. 'मला कॉफी आवडते', 'मला आंबे आवडतात'. एकच आंबा असेल तर 'गुस्ता', जास्त असतील तर 'गुस्तान'. हुबेहूब मराठी! त्या दिवशी वर्गात पहिल्यांदा माझी मान ताठ झाली.

तसंच त्या छोट्याशा 'आ'चं. 'मी घर बघते', पण 'मी आईला बघते'. घराला 'ला' नाही, आईला आहे. स्पॅनिशमध्ये 'वेओ ला कासा', पण 'वेओ आ मि माद्रे'. इटालियन आणि फ्रेंच पोरं हा 'आ' हमखास गाळायची, कारण त्यांच्या प्रमाण भाषेत तो नाही.

लगेच कॉलर ताठ करू नका. 'सेर' आणि 'एस्तार' या दोन 'असणं'वाल्या क्रियापदांनी माझा घाम काढला. ब्राझीलवालीकडे ती दोन्ही आयती होती. आणि नामाआधी लागणारे, इंग्रजी 'द'सारखे 'एल', 'ला'! आपल्याकडे तो प्रकारच नाही, मी अजूनही ते गिळते.

शेजारभाषावाल्यांची खरी फजिती सारख्या दिसणाऱ्या शब्दांत. आमच्या वर्गातल्या एका इटालियन मुलाला जेवायला बोलावलं होतं. त्याने फोन केला: "सालगो." आमच्या घरात राहणारी स्पॅनिश मुलगी म्हणाली, "आत्ता निघतोय, वेळ आहे," आणि निवांत आंघोळीला गेली. दोन मिनिटांत बेल वाजली. इटालियनमध्ये 'सालगो' म्हणजे 'वर येतोय', स्पॅनिशमध्ये 'निघतोय'. अक्षर न् अक्षर तेच. हाच मुलगा नाश्त्याला टोस्टवर 'बुर्रो' मागायचा. त्याच्याकडे ते लोणी, स्पेनमध्ये गाढव.

फ्रेंचवाल्यांना लिंगं छळतात. फ्रेंचमध्ये दूध पुल्लिंगी, समुद्र स्त्रीलिंगी. स्पॅनिशमध्ये दोन्ही उलट. आणि बाई सर्दीने हैराण होऊन 'कोन्स्तिपादा' आहे म्हणाल्या की फ्रेंच मुलगी लाजून खाली बघायची, कारण तिच्या भाषेत तो बद्धकोष्ठ.

मला वाटतं, नात्यातल्या भाषेत सुरुवात फुकट मिळते आणि शेवट महाग पडतो. समोरच्याला तुमचं कळतं, मग तो चूक का सुधारेल? तुम्हालाही कळतं, मग तुम्ही वही का काढाल? माझी चूक झाली की समोरच्याचा चेहरा कोरा व्हायचा, म्हणून मी सुधारले. रूममेटकडे बघून सगळे हसून मान डोलवायचे.

उरुग्वेचं रिव्हेरा आणि ब्राझीलचं लिव्रामेंतो ही दोन गावं एकमेकांना चिकटलेली आहेत, मधे साधा रस्ता आणि एक चौक. तिथली मिसळभाषा पोर्तुन्योल. ती लोकांची घरची बोली आहे, तिला मोडकी म्हणायला माझी जीभ धजणार नाही. पण परीक्षेचा पेपर तपासणारा रिव्हेराचा नसतो ना. ब्राझीलने 2005 मध्ये कायदा करून उच्च माध्यमिक शाळांना स्पॅनिश शिकवण्याची सोय सक्तीची केली होती, 2017 मध्ये ती सक्ती गेली. माझी रूममेट म्हणायची, "आम्हाला वाटतं, ते काय, येतंच की!"

हे ऐकून मला माझं हिंदी आठवलं. आपण कुठे बसून शिकलो हिंदी? 'मेरेको मालूम है' म्हणत आयुष्य काढलं. लखनौच्या एका काकूंनी मुलांच्या 'शिक्षा'बद्दल विचारलं तेव्हा मी कळवळून म्हणाले होते, "नहीं नहीं, हम बच्चों को मारते नहीं हैं." त्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

तर मैत्रिणीला आज फोन करून सांगितलं: लेकीला घाल क्लासला, वाचायला पटकन लागेल, पण दोन महिन्यांत काही उरकत नाही. आणि वेगळी वही कर म्हणावं, त्यात फक्त ओळखीचे वाटणारे शब्द लिहायचे, अनोळखी नाहीत. ती म्हणाली, "उलटं बोलतेयस का?" नाही गं.

रूममेटचा परवाच व्हॉइस मेसेज आला, अजून स्पेनमध्येच असते. "यो गुस्तो मुचो दे..." एवढं बोलून स्वतःच थांबली, आणि मग अर्धा मिनिट नुसती हसत होती.