तोरा-सान ४८ वेळा घरी का येतो

"वर्षानुवर्षं चालणाऱ्या चित्रपट-मालिकांना चाहते नसतात, गिऱ्हाइकं असतात. कंपनी जाहिरात करून ती तयार करते. त्यांना नवीन काही पचत नाही म्हणून तेच ते लागतं. बालपणातून बाहेर यायचं नसतं. आणि पानात काहीही वाढा, बोटं चाटून खातात." अशा अर्थाचा मजकूर सध्या फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला. त्यातल्या एकाने वर 'खास तुझ्यासाठी' अशी पुस्तीही जोडली, कारण मी तोरा-सानचे चित्रपट पाहत बसतो हे त्याला ठाऊक आहे.

मजकूर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अंतराळयानं आणि अंगाला चिकटलेल्या पोशाखातले सुपरहिरो असणार. म्हणून मी मुद्दाम त्यातलं काहीच नसलेली मालिका घेतो. जपानच्या शोचिकु कंपनीची 'ओतोको वा त्सुराइ यो'. अर्थ साधारण 'पुरुषाचं जिणं कठीण आहे बाबा'. १९६९ ते १९९५ या काळात ४८ चित्रपट, सगळ्यांत नायक एकच, कियोशी आत्सुमी. तिसरा आणि चौथा सोडले तर दिग्दर्शकही एकच, योजी यामादा. नायक कुरुमा तोराजिरो, म्हणजे तोरा-सान, जत्रांमधून पथारी टाकून फुटकळ माल विकणारा फिरस्ता. चौकड्यांचा कोट, पोटाला लोकरी पट्टा, हातात जुनी पेटी. तोकियोच्या शिबामाता भागात, देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत, त्याच्या काका-काकूंचं दांगो नावाच्या गोड गोळ्यांचं दुकान आहे. तिथे तो अधूनमधून उगवतो, भांडतो, कुणाच्या तरी प्रेमात पडतो आणि पुन्हा निघून जातो. एवढंच.

आता एकेक मुद्दा.

चाहते कंपनी तयार करते म्हणे. तोरा-सान आधी टीव्हीवर आला, १९६८-६९ मध्ये, फुजी टीव्हीवर, २६ भागांत. शेवटच्या भागात तो आमामी बेटावर हाबू जातीचे विषारी साप पकडून पैसा करायला जातो आणि साप चावून मरतो. म्हणजे करणाऱ्यांनी दुकान बंद करून कुलूप लावलं होतं. कुलूप तोडलं ते पाहणाऱ्यांनी. तोराला मारलंत कसं, असा जाब विचारणाऱ्यांनी वाहिनीला हैराण केलं. त्या संतापातून ऑगस्ट १९६९ मध्ये पहिला चित्रपट आला, आणि वर्षभराच्या आत पाच झाले. इथे मागणी आधी आणि माल नंतर, असा क्रम आहे. मग कंपनीला चटक लागली हे मात्र खरं. वर्षानुवर्षं एक ओबोनच्या उन्हाळी सुट्टीत आणि एक नववर्षाला, असे दोन-दोन चित्रपट तिने काढले. गाय दुभती आहे कळल्यावर शोचिकु तिला सोडणार होती थोडीच. पण गाय कुणी आणून बांधली, हा वेगळा प्रश्न आहे.

'तेच ते' हा आरोप मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तो अर्धा बरोबर आहे. होय, तेच ते असतं. बहुतेक चित्रपट तोराच्या एखाद्या भन्नाट स्वप्नाने उघडतात. तो घरी येतो, पहिल्या दिवशी सगळे हरखतात, दुसऱ्या दिवशी वाजतं. शेजारच्या छापखान्याचा मालक, ज्याला हे सगळे 'ऑक्टोपस' म्हणतात, तो नको तेव्हा नको ते बोलतो. एखादी बाई येते, तोराचं जेवणावरचं लक्ष उडतं. शेवटी पेटी उचलून तो निघतो आणि सावत्र बहीण साकुरा त्याला निरोप देते. मी वीसेक पाहिलेत. एव्हाना बाई दारात आली की पुढचं डोळे मिटूनही सांगेन.

पण तळकोकणात दशावतार पाहायला बसलेल्या माणसाला विचारा, शेवटी काय होणार ते माहीत नाही का? सगळं माहीत असतं. संवाद लिहिलेले नसतात, म्हणून आजचा नट काय बोलतो आणि संकासुराने आज गावातल्या कोणाची फिरकी घेतली, यासाठी तो पहाटेपर्यंत बसतो. गोष्ट ठाऊक असली की लक्ष गोष्टीवरून सुटतं आणि बारकाव्यांवर जातं. तोरा जत्रेत माल विकताना जी यमकांची सरबत्ती करतो तिचंही तसंच आहे. (सबटायटलमध्ये तिचा पार चोथा होतो. तरी आत्सुमींचा आवाज ऐकत राहावंसं वाटतं.)

१९७५ चा पंधरावा चित्रपट घ्या. तोराने मदत केलेल्या एका गृहस्थाने आभार म्हणून घरी एक उंची मेलॉन आणून दिलेलं असतं. घरचे ते कापतात, वाटे करतात, खायला बसतात, आणि तेवढ्यात तोरा दारात येतो. त्याचा वाटा मोजलेलाच नसतो. त्यावरून जे रामायण होतं ते जपानमध्ये आजही 'मेलॉनचं भांडण' म्हणून लोकांना आठवतं. एका फोडीवरून चाळिशीचा माणूस लहान मुलासारखा रुसतो. नुसता हाच चित्रपट पाहिला तर विनोद आहे. पण आधीचे चौदा पाहिलेल्याला माहीत असतं की हा माणूस पोरवयात बापाशी भांडून घर सोडून गेला तो वीस वर्षांनी परतला, आणि या घरात आपली जागा आहे का हे तो प्रत्येक वेळी चाचपून बघतो. न मोजलेली फोड म्हणजे त्याला मिळालेलं उत्तर असतं. आणि त्याला फटकारते कोण, तर लिली. रुरिको आसाओकांनी रंगवलेली, गावोगावच्या कॅबरेत गाणारी, तोरासारखीच घर नसलेली बाई. तुझी वाट पाहणारी माणसं आहेत आणि तू फोडीसाठी भांडतोस, असं ती सुनावते. हे सुनवायचा अधिकार तिलाच, कारण तिच्या दाराशी कुणीच वाट पाहत नाही.

त्याच चित्रपटात पुढे साकुरा लिलीला अर्ध्या थट्टेत विचारते, माझ्या भावाशी लग्न कराल का? लिली हो म्हणते. तोरा आत आल्यावर ती गोष्ट निघते, आणि तो ती थट्टेवारी नेतो. मग लिलीही म्हणते, हो, थट्टाच होती. तोराला बायका नाकारतात, असा प्रेक्षकाचा आतापर्यंतचा समज. इथे त्याला लख्ख दिसतं की पळतो तो तोराच. ही गोष्ट एका चित्रपटात कुणाला सांगता येणार नाही, कारण तिच्यासाठी समज आधी चौदा वेळा पक्का व्हावा लागतो. मजकूर लिहिणारे गृहस्थ ज्याला पुनरावृत्ती म्हणतात तो पाया आहे.

बालपणाचा मुद्दा तर मला लागूच होत नाही. मी पहिला तोरा-सान पाहिला तो चाळिशी ओलांडल्यावर. शिबामाता नकाशावर शोधावं लागलं. मी नेमक्या कुठल्या बालपणात परत जातोय?

उलट ही मालिका वय विसरू देत नाही. काकांचं काम करणारे शिन मोरिकावा १९७२ मध्ये वारले. मग दुसरे आले, पुढे तिसरे. देवळाचे महंत झालेले चिशू र्यू १९९३ मध्ये गेले. साकुराचा मुलगा मित्सुओ पहिल्या चित्रपटाच्या शेवटी तान्हा आहे. १९८१ पासून हिदेताका योशिओका हा मुलगा ती भूमिका करू लागला, आणि आपल्या डोळ्यांदेखत त्याला मिसरूड फुटतं, तो कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत आपटतो, प्रेमात पडतो, नोकरीला लागतो. १९८९ नंतरच्या चित्रपटांत तोराच मागे सरकत जातो. आत्सुमी आजारी होते. तोरा जास्त वेळ बसलेला दिसतो, गळ्याला मफलर असतो. नववर्षाला थिएटरात जाणाऱ्या माणसाने पडद्यावर हे वर्षागणिक पाहिलं, स्वतःही तेवढंच म्हातारं होत. ऑगस्ट १९९६ मध्ये आत्सुमी गेले. २०१९ मध्ये यामादांनी त्यांच्याशिवाय आणखी एक चित्रपट केला, तेव्हा मित्सुओ विधुर आहे, एका मुलीचा बाप आहे आणि मामा त्याला फक्त आठवतो. मेलॉनसकट. मोठं व्हायला घाबरणाऱ्यांसाठी ही फार वाईट निवड म्हणावी लागेल.

राहिलं 'काहीही वाढा, खातात'. इथे तोराला बाजूला ठेवून त्याच देशातल्या गॉडझिला नावाच्या पडद्यावरच्या अजस्र प्राण्याकडे जातो, कारण सुपरहिरोवाल्यांना तो ओळखीचा आहे. १९५४ मध्ये इशिरो होंडांनी तो आणला, बिकिनी बेटांवरच्या अणुचाचणीची राख जपानी मच्छीमारांच्या बोटीवर पडली त्याच वर्षी. पुढे त्याचे चित्रपट पोरकट होत गेले, आणि लोकांनी सरळ पाठ फिरवली. १९७५ नंतर तोहो कंपनीला नऊ वर्षं नवा गॉडझिला काढता आला नाही. १९८४ ला तो परतल्यावर पुढच्या चित्रपटासाठी कंपनीने लोकांकडूनच कथा मागवल्या. निवडलेली कथा एका दंतवैद्याची होती, त्यावर १९८९ चा चित्रपट निघाला. १९९८ च्या अमेरिकी गॉडझिलाला तर चाहत्यांनी गॉडझिला मानायलाच नकार दिला. तोहोनेही पुढे त्या प्राण्याच्या नावातला 'गॉड' काढून घेतला. तो उरला नुसता 'झिला', आणि २००४ च्या चित्रपटात खऱ्या गॉडझिलाने त्याला सिडनीत काही सेकंदांत लोळवलं. मुकाट्याने खाणारी माणसं अशी ताट भिरकावत नाहीत.

आणि रद्दी चित्रपट निघाले का? निघाले. तोराचेही काही मला झोप आणणारे वाटले, एक-दोन मी अर्ध्यावर बंद केले. चाहता असणं म्हणजे त्यावर पांघरूण घालणं नव्हे.

आत्सुमींचा शेवटचा, म्हणजे ४८ वा, डिसेंबर १९९५ मध्ये आला. त्या जानेवारीत कोबेला भूकंप झाला होता आणि नागाता भाग जळून गेला होता. तिथल्या लोकांनी तोराने आमच्याकडे यावं म्हणून बोलावणं केलं, आणि चित्रपटात तोरा कोबेत भूकंपग्रस्तांना मदत करताना दिसतो. बाकीची गोष्ट घडते आमामीच्या बेटांवर. टीव्हीवर त्याला साप चावला तिथेच, या वेळी लिलीच्या घरात.

शिबामाता स्टेशनबाहेर १९९९ पासून तोराचा पुतळा उभा आहे, दुकानदारांनी आणि पाहायला आलेल्यांनी टाकलेल्या पैशांतून झालेला. पेटी हातात, पाय स्टेशनाकडे, मान मागे वळवलेली. अठरा वर्षं तो मागे वळून रिकाम्या जागेकडे बघत होता. २०१७ मध्ये तिथे साकुरा आणून उभी केली.