९५ रुपयांची ट्यूब

चोपडा तालुक्यात माझं मेडिकल आहे. ही पोस्ट वाचून आमच्या धंद्यातले चारजण रागावतील. रागावू देत.

परवा उधारीची वही चाळत होतो. केळी कापायला जाणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या पानावर वरपासून खालपर्यंत एकच नोंद. ट्यूब ९५, ट्यूब ९५. मोजल्या. १४ महिन्यांत २६. म्हणजे २,४७० रुपये झाले, आणि जांघेतला नायटा कमरेवरून पाठीवर चढला. दर खेपेला यायचा, "भाऊ, मांगे दियेल तीच टूप दे." मी दिली. चिठ्ठी एकदाही मागितली नाही.

आम्ही तिला पंचमेळ म्हणतो. बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध, आणखी एकदोन, आणि खरा खेळ करणारं क्लोबेटासॉल, म्हणजे तगडं स्टिरॉइड. तीन दिवसांत खाज बंद, लाली गायब, गिऱ्हाईक खूश. बुरशीला मात्र आत रान मोकळं, कारण कातडीची झुंजायची ताकद स्टिरॉइडने मारलेली. ट्यूब थांबली की दुपटीने उसळतं. त्याच्या मांड्यांवर बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे वळ उठलेत. ते आता जायचे नाहीत.

शेवटी जळगावला कातडीच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी टर्बिनाफिन ही बुरशीवरची गोळी दिली. महिना गेला, फरक नाही. पूर्वी हीच गोळी दोन-चार आठवड्यांत नायटा उतरवायची. आता आपल्या देशात ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी बोकाळली आहे (नावसुद्धा २०२० सालचं), आणि तिच्या एका जनुकात बदल झाला की टर्बिनाफिन तिला फारसं लागू पडत नाही. मग इट्राकोनॅझॉल, रोज दोन कॅप्सूल, सहा आठवडे, जेवणानंतर. बायकोलाही औषध, कारण घरात पंचा एकच. एसटीचं भाडं, तपासणी, ऐन कापणीत बुडालेली मजुरी, हे माझ्या वहीत कुठे येतं?

"लोक औषधं अर्धवट सोडतात" असं आपण उठसूट म्हणतो. हा गडी तर नेमाने लावत होता! औषधच चुकीचं होतं.

२०१८ साली सरकारने अशी स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. पण दहावर दोन फुकटची स्कीम आली की शेड्यूल कुणाला आठवतं? मलाही नाही आठवलं.

माझं मागणं एकच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात मलेरिया आणि थुंकी तपासायला मायक्रोस्कोप बहुतेक ठिकाणी असतो. चट्ट्याच्या कडेची साल खरवडून पोटॅशच्या (खताच्या नव्हे, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) थेंबात ठेवली की त्याच मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे दिसतात. कुठली गोळी चालेल ते त्यावरून कळत नाही, पण नायटा आहे की दुसरं काही, ते तिथल्या तिथे कळतं. पहिली ट्यूब लागायच्या आधी एवढं झालं असतं तर सगळ्या सव्वीस वाचल्या असत्या.

"तू नाही दिलीस तर समोरचा देईल," असं आमचा भाचा म्हणतो. देतोच तो. पंधरा दिवसांत सहा गिऱ्हाइकं तिकडे वळलेली मी गल्ल्यावर बसून पाहिली.

माझ्याकडे अकरा ट्यूब उरल्यात. स्टॉकिस्ट परत घेत नाही. खालच्या फळीवर खोक्यात पडून आहेत.