हायवेवर नाही तर सायकल चालवायची कुठे?

आठवडा झाला, आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विषय चालू आहे आणि मी इथे नेदरलँड्समध्ये, उट्रेख्टला, ऑफिसच्या ट्रेनमध्ये बसून तो वाचते आणि दिवसभर चिडचिड करते. विषय काय तर माझ्या भाचीला, दादाच्या मुलीला, डिसेंबरमध्ये नागपूर ते कन्याकुमारी सायकलने जायचंय, एनएच ४४ धरून, एकटीने. दीड हजाराहून जास्त किलोमीटर. तिने सहा महिने सकाळी उठून प्रॅक्टिस केलीय, दोनशे आणि तीनशे किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब सायकल राइड, वेळेत पूर्ण केल्यात, पंक्चर स्वतः काढते, आणि ग्रुपवर एक काका लिहितात की हायवे गाड्यांसाठी असतो, सायकलवर सरळ बंदीच घातली पाहिजे. त्यावर धडाधड अंगठे. मग दुसरे विचारतात, पोरीला काही झालं तर जबाबदार कोण. मी उत्तर लिहिलं तर मला काय ऐकायला मिळालं, की तिकडे बसून बोलणं सोपं आहे, तुमच्याकडे सायकलचे ट्रॅक आहेत.

ठीक आहे, ट्रॅक आहेत. पण आधी तिकडचंच बोलू. सकाळी शिफ्टच्या वेळेला नागपुरातून वर्धा रोडने, म्हणजे याच एनएच ४४ ने, बुटीबोरीकडे जरा लक्ष देऊन बघत जा. एमआयडीसीत कामाला जाणारे लोक सायकलवर असतात, हँडलला डब्याची पिशवी, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही. दूधवाले असतात. पुढे हिंगणघाटच्या बाजूला गेलं की सरकारच्या मानव विकास योजनेत मिळालेल्या सायकलींवर शाळेच्या मुली असतात, दोघी दोघी, तिघी तिघी, त्याच हायवेच्या कडेने. त्यांच्यासाठी आजपर्यंत ग्रुपवर कोणी बंदी मागितली नाही आणि संरक्षणही मागितलं नाही. त्या तुम्हाला दिसतच नाहीत. कॉलनीतली, इंजिनीअर झालेली, दारात दोन कार असलेल्या घरातली पोट्टी हेल्मेट घालून त्याच रस्त्यावर उतरली की एकदम सगळ्यांना दिसतं की हायवेवर सायकल आहे! मला राग याचा आहे. ज्याला पर्याय नाही त्याने सायकल चालवावी आणि ज्याला पर्याय आहे त्याने चालवली तर तो वेडा, हा जो हिशोब आहे ना, त्याला सुरक्षितता म्हणू नका प्लीज.

एका सुज्ञ माणसाने मला असंही सुनावलं की तुमच्या हॉलंडमध्येसुद्धा मोटरवेवर सायकल नेता येत नाही. बरोबर, ए२ वर नाहीच नेता येत. पण ए२ ला बंदी आहे कारण मला उट्रेख्टहून डेन बॉसला जायला दुसरा रस्ता आहे, चांगला. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, त्याबद्दल मी कधी अवाक्षर काढलेलं नाही, तिथे १२० ची मर्यादा आहे आणि जुना रस्ता शिल्लक आहे. एनएच ४४ चं तसं नाही, चौपदरी करताना बऱ्याच ठिकाणी जुना रस्ताच त्याच्या पोटात गेला. मधल्या गावातल्या माणसाला शेजारच्या गावाला जायला तोच एक रस्ता उरलाय. आता तिथे बंदी घाला आणि त्या शाळेच्या मुलींना सांगा उडत जा.

आणि हे ट्रॅक काही इथल्या लोकांना आभाळातून पडून मिळाले नाहीत. १९७१ साली या एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेच्या वर लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, आंदोलनाचं नावच मुलांचे खून थांबवा असं होतं, मग १९७३ चं तेलाचं संकट आलं, रविवारी गाड्या बंद ठेवाव्या लागल्या, आणि मग हळूहळू सरकारला रस्ते बदलावे लागले. मुलांना सायकलवरून उतरवा असं म्हणून त्यांनी विषय संपवला नाही. आपल्याकडे पहिला उपाय हाच सुचतो की पोरीला घरात बसवा.

बरं, अभिमान मात्र सगळ्यांना हवा. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत सोलो पूर्ण केली, १२ दिवसांच्या आत, पुढच्या वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक नऊ हजार किलोमीटरच्या वर, तेव्हा ज्यांनी आपला नागपूरकर आपला नागपूरकर म्हणून फोटो फिरवले तेच आज बंदीवाले आहेत. त्यांच्यामागे क्रूची गाडी होती हे मला माहीत आहे, कोणी सांगू नका. पण मग पुण्याची वेदांगी कुलकर्णी? २०१८ मध्ये विशीतली ती मुलगी एकटी, मागे गाडी नाही, जगाला चक्कर मारून आली. ती सरावाला उतरली असेल तेव्हा रस्ता कुठला होता, बागेतला?

मी स्वतः नागपूरहून हैदराबादपर्यंत हा रस्ता एकटीने केलाय, त्यामुळे धोका नाही असं मी म्हणत नाही. धोका काय आहे ते मात्र नीट माहीत असावं. ट्रकवाल्यांना उगाच बदनाम करतात, ट्रकवाला लांबून हॉर्न देतो आणि जागा सोडतो. फक्त कापसाचा ट्रक आला की सांभाळायचं, तो दोन्हीकडून फुगलेला असतो आणि मागून जाताना त्याची हवा सायकल आत ओढते. खरी भीती आहे ती शोल्डरवरून, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवरून, राँग साइडने येणाऱ्या बाइकची आणि संध्याकाळी मागे एकही दिवा नसलेल्या ट्रॅक्टरची. म्हणून अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं, मागचा ब्लिंकर भर दुपारीही चालू ठेवायचा, आणि उड्डाणपूल आला की सर्व्हिस रोड परत कुठे येऊन मिळतो ते आधी बघून ठेवायचं. हे सगळं भाचीला माहीत आहे, ग्रुपवरच्या एकालाही नाही.

आणि तारा. फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून केसाएवढ्या बारीक स्टीलच्या तारा निघतात आणि त्या सगळ्या शोल्डरवर पडून असतात. वर्धा नदीचा पूल ओलांडून वडकीच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. मी सामान काढून सुरू करणार तोच रस्त्यापलीकडचा टायरवाला आला आणि माझ्या हातातून चाकच घेऊन गेला. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात फिरवली, बुडबुड्यावर अंगठा ठेवला, मग टायर उलटा करून आतून बोट फिरवत फिरवत एका जागी थांबला. चिमट्याने तार ओढून माझ्या तळहातावर ठेवली. मला चष्मा लावूनसुद्धा नीट दिसत नव्हती. हे करताना त्याचं सुरूच, ताई कुठून येऊन राह्यल्या, अन् जाऊन कुठं राह्यल्या, एकट्याच? नागपूर म्हटलं तर नागपुरात कुठं. प्रतापनगर म्हटलं तर त्याची बहीण खामल्याला दिलेली निघाली. मग चहा.

इथे लेक नदीच्या डाइकवर, म्हणजे बांधावरच्या रस्त्यावर, मी समोरचा वारा खात दिवसदिवस सायकल चालवते, सायकल रस्त्यांच्या पाट्यांवरचे नंबर बघत १४ वरून ६३, ६३ वरून पुढे, रस्ता गुळगुळीत, कुठेही जीवाला घोर नाही, आणि दिवसभरात माझ्याशी एक माणूस बोलत नाही. फार तर होई, म्हणजे हाय, म्हणतात. मला काही झालं तर दहा मिनिटांत मदत येईल याची खात्री आहे, पण कुठे चाललीस म्हणून कोणी विचारणार नाही याचीही तितकीच खात्री आहे. तिकडे वडकीला मदतीची खात्री नव्हती, पण कुठे चाललीस म्हणून विचारणारा माणूस मिळाला. तुम्ही म्हणाल हिला दोन्हीकडचं चांगलंच तेवढं हवंय. हो हवंय, का नको असावं?

नागपूर ते हैदराबाद मला एकदाच जोरात रडू आलं आणि ते ट्रकमुळे नाही. एका तालुक्याच्या गावात, नाव लिहीत नाही, लॉजवाल्याने रजिस्टर मिटून सांगितलं की एकट्या लेडीजला रूम देत नाही. आधार कार्ड पुढे केलं, वय सांगितलं, नाही म्हणजे नाही. बाहेर साडेपाच वाजलेले, थंडीचे दिवस, उजेड चाललेला. शेवटी पेट्रोल पंपावरच्या मॅनेजरने त्याच्या घरी बायकोला फोन केला आणि तिने मला बोलावलं. यावर बोला ना ग्रुपवर. एकट्या बाईला अंधार पडायच्या वेळेला दारातून परत पाठवणारा माणूस धोकादायक की तिची सायकल? पंपांवरची लेडीज टॉयलेटं कुलूप लावून का ठेवतात यावर बोला. यातलं काहीही बदलायला ग्रुपवरच्या कोणालाही भाचीला घरी बसवायची गरज नाही.

तिकडे बसून बोलणं सोपं हे वाक्य मला लागलं, लपवत नाही. इथे इतकी वर्षं राहूनही कॅन्टीनमध्ये नवीन माणूस भेटला की मूळची कुठली हा प्रश्न येतोच, मी नागपूर सांगते, त्यांना माहीत नसतं, मी मुंबईपासून लांब असं काहीतरी सांगून सोडून देते. आणि नागपुरात तोंड उघडलं की मी तिकडची. फुटाळा तलावावर कणीस खाताना भाव विचारला तरी वहिनी म्हणते हिला आता युरोमध्येच कळतं. मी त्याच शाळेत सायकलने गेले, दादाच्या मागे डबलसीट, तर्री पोहे मी तुमच्याइतकेच खाल्लेत, मे महिन्यात पंचेचाळीसमध्ये स्कार्फ बांधून ट्यूशनला मीही गेलेय. मतदान करायला येता येत नाही म्हणून मत असायचा हक्कही गेला का? वडकीच्या त्या माणसाने मला एकदाही विचारलं नाही की तुम्ही इथल्या की तिथल्या. प्रतापनगर म्हटल्यावर त्याला तेवढं पुरलं.

दादा, तू ग्रुपवर काही बोलत नाहीस, मला वेगळा मेसेज करतोस की तूच तिला डोक्यावर चढवलंस. तर इथेच सांगते. तिचे सगळे मुक्काम मी आणि तिने मिळून ठरवलेत, हैदराबादपर्यंतच्या प्रत्येक ठिकाणी फोन करून एकटी मुलगी येणार आहे असं स्पष्ट सांगून रूम पक्की केलीय, जिथे आढेवेढे घेतले ती जागा काढून टाकली. लोकेशन तुझ्या फोनवर दिसत राहील. मी तिकीट काढलंय, ती निघेल त्या दिवशी जाम नाक्यापर्यंत मी तिच्यासोबत सायकलवर आहे, पुढे ती एकटी जाईल. तू कारने मागे येऊ नकोस. यायचंच असेल तर माझी जुनी सायकल गच्चीवर पडलीय, तिच्यात हवा भर.