आजारी सशाची जोडी तोडू नका

सशाच्या आजारपणाबद्दलचा एक मेसेज सगळीकडे फिरतो आहे: ससा मलूल दिसला की त्याला जोडीदारापासून ताबडतोब वेगळा करा, पोटाला आराम म्हणून दिवसभर उपाशी ठेवा आणि घरातल्या अँटिबायोटिकची चतकोर गोळी द्या. तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. शेवटचे दोन तर थेट जिवावर बेततात.

आधी वेगळं करण्याचं पाहू. ससा मलूल होतो तो अनेकदा आतडी मंदावल्यामुळे किंवा दाढा वाढून टोचल्यामुळे. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. पण सवयीचा जोडीदार दिसेनासा झाला की ससा धास्तावतो, आणि धास्तीनं आतडी आणखी मंदावतात. शेजारी कुणी गवत कुरतडत असलं की आजारी ससाही हळूच तोंड लावतो. शिवाय दोन-चार दिवसांनी दवाखान्याचा वास घेऊन परतलेल्याला जोडीदार परका समजतो आणि केस उपटेपर्यंत भांडणं होतात. म्हणून डॉक्टरांकडे नेताना दोघांना एकाच टोपलीत न्या, उन्हाळ्यात तर उन्हं चढायच्या आत.

अपवाद आहेत. जोडीदार टाके चावत असेल, आजाऱ्याला खाऊ देत नसेल, तर वेगळं करावंच लागतं. तेही मध्ये जाळी लावून, एकमेकांचा वास येईल असं. लेंड्या कोणाच्या हे कळायलाही हीच युक्ती. खरजेत, म्हणजे कानाच्या कडांवर, नाकावर, पंजांवर पांढरट खपल्या धरल्या, तर एकाला वेगळं करून भागत नाही. तोवर ती जोडीदारापर्यंत बहुधा पोचलेली असते. औषध दोघांनाही लागतं. हाताळल्यावर हात साबणानं धुवा, खरूज माणसालाही लागू शकते.

आता उपासाचं. सशाला उलटी होत नाही आणि त्याचं आतडं चाऱ्याच्या रेट्यावर चालतं. चारा थांबला की आतडं थांबतं, गॅस धरतो, दुखतं, म्हणून तो आणखी खात नाही. बारा तास खाणं आणि लेंड्या बंद म्हणजे तातडीची वेळ. आधी पोट चाचपा. ढोलासारखं ताठ आणि फुगलेलं असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ डॉक्टर गाठा. मऊ असेल तर सशाच्या गोळीखाद्याची कोमट पाण्यात पातळ पेज करा. दोन किलोच्या सशाला एका वेळी साधारण 20 मिली, दिवसातून पाच वेळा. बिनसुईची सिरिंज पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेत बाजूनं घाला, एकेक मिली सोडा, गिळल्यावरच पुढचं. सरळ घशात सोडलं तर फुप्फुसात जातं. कान गार पडले असतील तर आधी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवा. गारठलेल्या सशाला भरवू नये. वाळलं गवत आणि थोडा सांभार, म्हणजे कोथिंबीर, दोघांसमोर सतत असू द्या. फक्त ते गवत फवारणी झालेल्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, नको.

सगळ्यात घातक ती गोळी. अ‍ॅमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन ही पेनिसिलिन गटातली औषधं किंवा क्लिंडामायसिन सशाला तोंडावाटे दिलं की आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, विष सोडणारे क्लॉस्ट्रिडियम माजतात; हगवण लागून ससा काही दिवसांत दगावू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांवरचा फिप्रोनिलचा फवाराही सशाला विषारी आहे. तालुक्याच्या दवाखान्यात रोज गायी-बकऱ्या येतात, ससा क्वचितच. तेव्हा 'तोंडावाटे पेनिसिलिन गटातलं किंवा क्लिंडामायसिन नको ना?' असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा, त्यात संकोच कसला? तिथे जमलं नाही तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे. निघताना शेवटचं कधी खाल्लं ते लिहून घ्या आणि ताज्या लेंड्या कागदात गुंडाळून सोबत न्या.