'चोचले' या शब्दाबद्दल

जुन्नरकर (हे तुमचं खरं नाव नसणार, पण तुम्ही तेच लिहिलंय म्हणून),

आमच्या हॅरोच्या घरामागच्या बागेत येणारी कोल्हीण आणि तिची तीन पिल्लं यांच्यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्या वाचकांना शोधत बसावं लागू नये म्हणून ती जशीच्या तशी देते: "हा कोल्हा नाही, खोकड आहे. रानटी जनावराला रोज ठरल्या वेळी खायला घातलं की ते बिघडतं आणि त्याची किंमत शेजारी मोजतात. तुमच्या शेजाऱ्यांना विचारलंत का? आमच्याकडे उसातून बिबट्या निघतो, लंडनमध्ये बसून प्राणिप्रेमाचे चोचले पुरवायला काय जातं?"

खोकडाचं आधी उरकते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. आपल्याकडे कोल्हा म्हणजे तो कळपाने ओरडणारा, कोल्हेकुईवाला. इथलं जनावर खोकडाच्या जातकुळीतलं. मान्य. पण आपलं माळरानावरचं खोकड लहानखुरं, शेपटीचं टोक काळं. हे तांबडं, अंगाने मोठं, शेपटीचं टोक बहुधा पांढरं. म्हणजे नुसतं 'खोकड' म्हणूनही काम भागत नाही. आणि द्राक्षं आंबट म्हणणारा तो कोण होता? लहानपणापासून आपण सगळे त्याला कोल्हाच म्हणत आलो. तेव्हा कुणी हरकत घेतल्याचं मला आठवत नाही.

आता 'चोचले'. हा शब्द मी दोन दिवस डोक्यातून काढू शकले नाही. माझी सासू तो नव्या सुनांसाठी वापरायची. मतभेद असावेत, जरूर असावेत. पण ज्या बाईला तुम्ही कधी पाहिलं नाही तिच्याशी बोलताना एवढी घसट? 'लंडनमध्ये बसून' हेही तसंच. बावीस वर्षं मी इथे बसलेली नाही, उभी आहे, तीही बहुतेक वेळ रुग्णालयाच्या पाळ्यांमध्ये.

माझं माहेर फलटण तालुक्यातलं. मक्याची कणसं भरायला लागली की आजोबा रात्री माळ्यावर झोपायचे, म्हणजे झोपायचे नाहीत, रॉकेलचा रिकामा डबा बडवत बसायचे. 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण आम्ही पुस्तकात नाही वाचली, सकाळी वेलांखाली पाहिली. मी सातवीत असताना एका पिसाळलेल्या कोल्ह्याने आमच्या खंड्याला ओरबाडलं. महिन्याभराने खंड्या मला चावला. चुलत्यांनी त्याला बांधावर नेलं, पुढचं सांगत नाही. मला बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली, रोज एक, एसटीने तालुक्याला जाऊन. परत येताना आई मला मांडीवर आडवं घ्यायची, कारण बसवत नसे. तेव्हा कोल्हा म्हणजे काय हे मला कुणी जुन्नरहून शिकवायची गरज नाही, साहेब. एवढं होऊन मला त्या जनावराचा राग येत नाही, याला तुम्ही चोचले म्हणता?

बिबट्याचं दुःख मला कळतं. ऊस तोडताना मुलं बांधावर ठेवणाऱ्या बायांचं तर जास्तच. पण तुमचा बिबट्या आणि माझं पाच-सहा किलोचं जनावर यांना एका दावणीला बांधू नका. इथल्या जमिनीवरच्या प्राण्यांत रेबीज नाही, शंभर वर्षं होऊन गेली. पलीकडे युरोपात होता, कोल्ह्यांतच होता. स्वित्झर्लंडने 1978 मध्ये कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकायला सुरुवात केली आणि हळूहळू तो आटोक्यात आणला. म्हणजे बघा, सरकारनेही कोल्ह्यांना खायला घातलंच की!

आणि मी त्यांना बोलावलं म्हणून ते आले, हा तुमच्या बोलण्यातला सूर तर अगदीच चुकीचा. आमचं घर दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं, जोडघर, मागे लांबलचक बाग. त्या वर्षांत लंडनभोवती अशी घरं मैलोन्‌मैल उभी राहिली, आणि 1930च्या दशकापासून कोल्हे या उपनगरांत शिरले. बागा, शेड, कुंपणाखालची पोकळी, गांडुळं, उंदीर, सगळं आयतं. म्हणजे माझ्या जन्माआधीपासून हे त्यांचं घर आहे. शार्ड नावाचा उंच मनोरा बांधत होते तेव्हा, 2011 च्या फेब्रुवारीत, बहात्तराव्या मजल्यावर एक कोल्हा सापडला होता. मजुरांच्या डब्यांतलं उरलंसुरलं खाऊन राहत होता. त्याला काय मी वर नेलं?

तुम्हाला वाटतं मला सगळं गोडच दिसतं. पहिल्या जानेवारीत रात्री दोन वाजता बागेतून बाईचा गळा दाबल्यासारखी किंकाळी आली, तेव्हा यांनी पोलिसांना फोन लावायला घेतला होता. तो त्यांचा विणीचा हंगाम, हे दुसऱ्या दिवशी कळलं. माझी मागच्या दाराशी ठेवलेली कोल्हापुरी, डाव्या पायाची, कोल्ह्यानेच नेली. (जर्मनीत एका गावात 2009 मध्ये कोल्हिणीने शंभरावर चपला-बूट जमवले होते, त्या मानाने मी सुटले.) गुलाबांना हाडांचं खत घातलं तर रात्रीत अख्खा वाफा उकरलेला असतो. वास येतो, विष्ठा पायपुसण्यावरच करतात. हे सगळं मी त्या लेखात लिहिलं नाही, कारण तो लेख पिल्लांवर होता. आणि हो, 2013 मध्ये ब्रॉम्लीत कोल्हा घरात शिरून एका तान्ह्या बाळाला चावला होता. तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन बरेच तापले होते. वाईट झालं, नाकारत नाही. पण लंडनमध्ये दहा हजारांच्या आसपास कोल्हे असल्याचं नेहमी सांगितलं जातं, आणि अशा घटना बोटांवर मोजण्याएवढ्या. कुत्री किती चावतात ते आपल्या गल्लीत विचारा.

राहता राहिलं खायला घालणं. त्यावर इथे तज्ज्ञांमध्येही दोन मतं आहेत आणि कायद्याने बंदी नाही, एवढं पुरे. 'बिघडतं' म्हणजे नेमकं काय? एका ठिकाणी गोळा झाले की लूत पसरते, असं दुसऱ्या एका वाचकाने कळवलंय. ब्रिस्टल शहरात 1994 मध्ये लूत आली आणि दोनेक वर्षांत तिथले शंभरातले पंच्याण्णव कोल्हे मेले. तिथे काही माझी ताटली गेली नव्हती. माझ्या ताटलीत असतं तरी काय, एक अंडं, उरलेली पोळी, कधी कोंबडीच्या माना. साडेआठला ठेवते. पाच मिनिटं उशीर झाला तर कोल्हीण काचेला नाक लावून उभी राहते, आणि परवा धाकटं पिल्लू मांजराच्या झडपेतून थेट ओट्यापर्यंत आलं होतं. इतकं निर्धास्त! ज्याला यात बिघाड दिसतो त्याला मी काय सांगणार.

शेजाऱ्यांचं म्हणाल, तर शेजारच्या बाईंशी माझं बोलणं झालेलं आहे आणि ते आमच्या दोघींतलं आहे. त्यांच्या नातवाचा वाळूचा हौद रात्री झाकून ठेवावा, ही सूचना मीच केली होती. त्यांनी ती कशी घेतली हा त्यांचा प्रश्न.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा 'काय जातं' या भाषेत लिहू नका, एवढंच. लेखात दोन ठिकाणी 'खोकड' अशी दुरुस्ती केली आहे. शीर्षकात कोल्हीणच राहील.