रोममध्ये छप्पर शोधताना

रोममधल्या कुठल्या वास्तूला छप्पर आहे आणि कुठल्या नाही, याची यादी कोणी छापत नाही. माहितीपत्रकातले फोटो सगळे कडकडीत उन्हातले. त्यामुळे जगप्रसिद्ध अवशेष म्हणजे मुळात छप्पर उडालेली घरं, हे आमच्या लक्षात पाऊस सुरू झाल्यावर आलं.

आमच्या वाट्याला रोमचा एकच दिवस होता आणि तो पहाटेपासून गळत होता. "थांबेल तासाभरात," असं मी न्याहारीला म्हणालो, कलोसियमच्या रांगेत म्हणालो; तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा बायकोने नुसतं बघितलं.

कलोसियम इ.स. ८० मध्ये खुलं झालं. कानातल्या यंत्रातली बाई सांगत होती की प्रेक्षकांना ऊन लागू नये म्हणून वर भलंमोठं कापडी छत ताणायचे आणि त्याच्या दोऱ्या ओढायला खास आरमारातले खलाशी ठेवलेले असत.

"मग आता कुठे गेले मेले?" बायको म्हणाली.

आजूबाजूचे प्रवासी पारदर्शक प्लास्टिकच्या रेनकोटात, पिशवीत गुंडाळलेल्या कोथिंबिरीच्या जुड्यांसारखे दिसत होते. आमच्याकडे दोघांत एक छत्री. फोरमच्या, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या, उघड्या माळावर वाऱ्याने तिचं सूर्यफूल केलं. नाक्यावर लगेच छत्रीवाला उगवला. त्याची छत्री पुढच्या नाक्यापर्यंत टिकली आणि तिथे दुसरा छत्रीवाला उभा होता. या धंद्याचं नियोजन मला रोमन साम्राज्याइतकंच पक्कं वाटलं.

रस्त्यांवरचे काळे दगडी ठोकळे भिजले की साबणाच्या वड्या होतात. त्यामुळे माना खाली घालून, एकमेकांचे दंड धरून आम्ही जे रोम पाहिलं ते मुख्यतः ठोकळ्यांचं.

"अहो, छप्पर असलेलं काही आहे का या गावात?"

आहे ना! पॅन्थिऑन, जुनं रोमन देऊळ! ४३ मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट, आत एकही सळई नाही आणि सुमारे एकोणीसशे वर्षं जागचा हललेला नाही. दर्शनी भागावर मार्कुस अग्रिपा या रोमन सेनापतीने बांधल्याची पाटी. खरं तर त्याची इमारत जळाली आणि सम्राट हेड्रियनच्या काळात ही नवी पूर्ण झाली, पण पाटी जुन्याच माणसाच्या नावाची ठेवली. (उद्घाटनाच्या पाट्यांचा आपला अनुभव लक्षात घेता मी दोन मिनिटं तिथेच थबकलो.)

आत शिरलो, सुटकेचा श्वास सोडला, छत्री मिटली, चार पावलं पुढे गेलो. आत पाऊस पडत होता.

घुमटाच्या माथ्यावर जवळजवळ नऊ मीटरचं भोक आहे. काच नाही, झाकण नाही. आमच्या गच्चीला केसभर चीर गेली तर सोसायटीच्या तीन सभा होतात आणि चौथीत बोलाचाली बंद. इथे लोक माना वर करून "वा, वा" करत होते! खालची फरशी किंचित फुगीर, तिला बारीक छिद्रं, त्यांतून पाणी गटारात. म्हणजे गळती मूळ आराखड्यातच मंजूर. अंधारातून सरळ खाली उतरणारा तो पावसाचा खांब सुंदर होता, हे मी बोलून दाखवलं नाही. बायकोचे मोजे ओले होते.

शेवटी स्पॅनिश पायऱ्या. १३५ पायऱ्या, आणि २०१९ पासून त्यांवर बसायला बंदी. त्या दिवशी बसा म्हणाले असते तरी कोण बसणार होतं! पायथ्याशी दगडी होडीचं कारंजं आहे. १५९८ च्या महापुरात टायबर नदीतली एक होडी वाहत इथवर आली, तिची ही आठवण, असं सांगतात. पाणी कुठलं? त्याच अग्रिपाने इ.स.पू. १९ मध्ये शहरात आणलेल्या कालव्याचं. डागडुजी होत होत तो अजून वाहतो. पण इथे त्याला जोर नाही, पाणी उंच उडत नाही. म्हणून शिल्पकार पिएत्रो बेर्निनीने होडी खोलगट जागेत, अर्धी बुडालेली दाखवली.

एवढं सगळं मी भिजत भिजत वाचून दाखवलं. बायको कठड्यावरून वाकली. होडीच्या दोन्ही अंगांनी पाणी सांडत होतं.

"अहो," ती म्हणाली, "हीसुद्धा गळतेय."